फुटलेला बघू नका, शेजारचा बघा

उन्हाळा लागला की निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एक सल्ला फुकट मिळतो. ‘ऊन वाढलंय, पाच-दहा पाउंड हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतील.’ चहाच्या टपरीवर मिळतो, पंपावर मिळतो, आणि स्वतःच्या मोटारीचं बॉनेट कधी न उघडलेले सोसायटीतले गृहस्थही तो देतात. माझे ट्रेलर चाकणच्या कारखान्यांतून माल उचलून उरणला जेएनपीटीला नेतात. या धंद्यात माझे केस पिकले. हा सल्ला जितक्या टायरांच्या मुळावर आलेला मी पाहिला, तितक्यांच्या मुळावर तळेगाव–चाकण रस्त्यावरचे खड्डेही आले नसतील. हवा जास्त झाली म्हणून टायर क्वचित फुटतो. बहुतेक वेळा तो हवा कमी पडल्यानं जातो, आणि फुटायच्या आधी बरेच दिवस आतून जात असतो.

टायर गरम होतो तो नुसत्या उन्हानं नाही. रस्त्याला टेकणारा भाग दर फेऱ्याला चपटा होतो, पुन्हा गोल होतो. हवा कमी असली की हे वाकणं वाढतं, आणि तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकणारी जागा जशी चटका देते, तशी टायरची बाजूची भिंत आतून तापते. त्यात माल भरलेला, वेग धरलेला आणि खाली काँक्रीट. रबर आणि आतल्या तारा यांची पकड सुटते, पट्टा उकलतो आणि मग आवाज होतो. चालून चालून टायरमधली हवा तापते आणि दाब वाढतो, हे खरं आहे. पण टायर बनवणाऱ्यांनी ते धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. वाढलेला दाब बघून गरम टायरची हवा सोडली, की रात्री टायर थंड झाल्यावर ती गरजेपेक्षा कमी भरते. दुसऱ्या दिवशी तोच टायर आणखी तापतो, आणि कुणीतरी पुन्हा म्हणतं, ‘बघा, सांगितलं होतं ना, हवा जास्त आहे.’

एप्रिलमधली गोष्ट. ट्रेलर चाकणहून कंटेनर घेऊन निघाला, तळेगावला एक्स्प्रेस वेला लागला, बोरघाट उतरला आणि खालापूरच्या पुढं डाव्या बाजूचा मागचा बाहेरचा टायर गेला. ड्रायव्हर आष्टीकडचा, मुरलेला माणूस. पण घोड्यात, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या ट्रकमध्ये बसलेल्याला मागच्या टोकाचं काय कळणार? त्याला धक्का जाणवला नाही, नुसता आवाज आला. फुटलेल्या टायरच्या पट्ट्यानं मडगार्ड फाडलं आणि ब्रेकचा हवेचा पाइप तोडला. पाइप तुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ती सोय सुरक्षेसाठीच असते, पण त्या क्षणी ट्रेलर निम्मा लेनमध्ये जाम झाला. मागून येणाऱ्या एका मोटारीखाली तो तारांचा पट्टा आला, पुढचा बंपर फाटला. गाडीत लहान मुलं होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण मोटारीतल्या बाईंनी ड्रायव्हरला जे सुनावलं ते मी फोनवरून ऐकलं, आणि त्यातला एक शब्दही मला जास्तीचा वाटला नाही.

टायर नवा होता, वर्षाच्या आतला. साहजिकच माझा राग टायरवर. उरलेले तुकडे आणि चाक घेऊन निगडीला आमच्या नेहमीच्या टायरवाल्याकडं गेलो. हा मूळचा केरळचा, पण त्याचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. त्यानं तुकड्यांकडं बघितलंही नाही. म्हणाला, “मालक, फुटलेला बघू नका, शेजारचा बघा.”

शेजारचा म्हणजे जोडीतला आतला टायर. तो बाहेरून धडधाकट दिसत होता. त्यानं तो रिमवरून उतरवला, पालथा करून झटकला, तर आतून काळी भुकटी पडली. मूठभर रबराची पूड. आतल्या बाजूनं भिंतीवर गोल सुरकुती उठली होती, आणि त्या सुरकुतीवर रबर निळसर पडलं होतं. तिथं बोट फिरवलं तर खालच्या तारांचे कंगोरे हाताला लागत. हा टायर कित्येक दिवस जवळपास रिकाम्या हवेवर चालला होता. गळती होती आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लावतात त्या एक्स्टेंशनच्या नळीत, आणि नळीच्या तोंडाला टोपी नव्हती. टोपी नसली की धूळ जाते, पिन नीट बसत नाही, आणि हवा आवाज न करता जाते.

आता हिशोब बघा. 2018 सालच्या वाढीव मर्यादेनुसार ट्रेलरच्या तीन आसांवर मिळून 27 टन चालतात. टायर बारा, म्हणजे एकाच्या वाट्याला सव्वादोन टन. ट्रकच्या नेहमीच्या वीस इंची टायरची ताकद तीन टनांच्या आसपास असते, म्हणजे सगळं ठीक. पण जोडीतला एक बसला की दुसऱ्यावर साडेचार टन येतात. नवा असो की जुना, तो किती दिवस काढणार? गुन्हा आतल्यानं केला आणि फाशी बाहेरच्याला झाली. आणि आतला टायर कुणी तपासत नाही, कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला अंगाचे वेटोळे करावे लागतात. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, टायरवर मारून आवाज ऐकायची आपल्याकडं रीत आहे. टॉमीनं अगदी बसलेला टायर कळतो. वीस-तीस पाउंड कमी असलेला तिला कळत नाही, आणि मारतो तो नेमका हाच.

त्या दिवशी टायरवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती या सगळ्यात जीवावरची आहे. कमी हवेवर बराच चाललेला टायर दिसला की आपला माणूस काय करतो? त्यात हवा भरतो. भिंतीतल्या तारा आतून तुटत आलेल्या असतात. दाब चढला की त्या एकामागोमाग एक, चेन उघडावी तशा सटासट तुटतात आणि टायर भरणाऱ्याच्या तोंडासमोर फुटतो. अशानं माणसं दगावली आहेत. म्हणून असा टायर आधी उतरवून आतून बघायचा. भुकटी, सुरकुती किंवा निळी झाक दिसली तर तो भंगारात. भरायचाच असेल तर लोखंडी पिंजऱ्यात, लांब पाइपनं, आणि उभं राहायचं ते टायरच्या भिंतीसमोर कधीच नाही.

तेव्हापासून आमच्या यार्डात सकाळी गाडी हलायच्या आधी गेज लागतो. आधी, कारण गाडी दोन-तीन किलोमीटर चालली तरी आकडा फसवतो. आतल्या टायरच्या एक्स्टेंशन नळ्या आम्ही चांगल्या घेतल्या, त्या रिमला पक्क्या बांधल्या, आणि टोप्या प्लॅस्टिकच्या काढून धातूच्या बसवल्या. एवढ्याशा टोपीवर मी ड्रायव्हरांशी जितका वाद घातला तितका डिझेलवरही घातला नसेल. जोडीतले दोन टायर सारख्या घेराचे लागतात, हेही आम्ही पाळतो. एक नवा आणि एक झिजलेला जोडला तर नवा जास्त वजन उचलतो आणि झिजलेला रस्त्यावर घासत जातो.

वाटेत थांबल्यावर ड्रायव्हर हाताची उलटी बाजू टायरच्या भिंतीजवळ नेतात. एका टायराचं तापमान बघून काही कळत नाही, सगळे एकमेकांशी ताडून बघायचे. एकच टायर बाकीच्यांपेक्षा तापला असेल आणि हब मात्र नेहमीसारखा असेल, तर हवा कमी आहे. हबही तापला असेल तर ब्रेकचे लाइनर चिकटलेत किंवा बेअरिंग गेलं. बोरघाट उतरल्यावर मात्र सगळेच हब तापलेले असतात, त्यांना हात लावू नका. गरम ड्रमवर बादलीभर पाणी ओतायची सवय तर मोडाच, त्यानं ड्रमला तडे जातात. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा आणि खाली पोचल्यावर थांबा. सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता रिममधून टायरच्या कडेत शिरते आणि कडेचं रबर भाजतं.

रिमोल्डला, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेल्या टायरला, लोक उगाच शिव्या घालतात. रस्त्याकडेला काळे पट्टे पडलेले दिसले की ‘रिमोल्डचा असणार’ असं ठोकून देतात. नव्या टायराचा पट्टाही असाच सुटतो, माझाच सुटला. सांगाडा धड असेल आणि काम चांगल्या ठिकाणी झालं असेल, तर ट्रेलरला रिमोल्ड चालतो. फक्त पुढच्या चाकांना नको, तिथं तडजोड नाही.

नायट्रोजनबद्दलही विचारतात. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा असतो, दाब थोडा स्थिर राहतो, एवढाच फायदा. नायट्रोजन भरलाय म्हणून महिनाभर गेज न लावणारा माणूस साधी हवा रोज तपासणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.

समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूरहून शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि ‘टायर फुटला’ हे शब्द घरोघरी पोचले. सरळ रस्ता, काँक्रीट, मोटारींना 120 चा वेग आणि थांबायला निमित्त नाही. कमी हवेचा, जुना टायर जिथं एरवी वर्ष काढेल तिथं तो तासाभरात दम सोडतो. पण हे शब्द निमित्त म्हणूनही वापरले जातात. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 जण गेले, तेव्हा चालकानं आधी टायर फुटल्याचंच सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या तपासणीत त्याला पुरावा सापडला नाही. दरवेळी टायरवर ढकललं की झोप, वेग आणि हवा न तपासणं, तिन्ही सुटतात.

हे सगळं मोठ्या गाड्यांचं झालं. पण माझा भाचा हिंजवडीत नोकरीला. त्यानं थारमागं ओढायचा छोटा कॅम्पिंगचा ट्रेलर घेतलाय. राज्यानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून असली हौस वाढली आहे. पवनेला जायचं, भंडारदऱ्याला जायचं. मला म्हणाला, “मामा, दोनच तर चाकं, त्यात काय बघायचं?”

दोनच आहेत म्हणून जास्त बघायचं. माझ्या ट्रेलरला बारातला एक गेला तर अकरा उरतात. तुझ्याकडं एक गेला तर गाडी फिरली. शिवाय असा ट्रेलर वर्षातले दहा महिने पार्किंगमध्ये एकाच जागी उभा असतो. नक्षी कोरी करकरीत दिसते आणि भिंतीला बारीक भेगा पडलेल्या असतात. म्हणून नक्षीपेक्षा वय बघायचं. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदलायचा. स्टेपनीचंही वय बघायचं, ती तर बहुतेक वेळा ट्रेलरइतकीच म्हातारी असते. उभा करताना ट्रेलर स्टँडवर उचलून ठेवावा आणि टायर उन्हापासून झाकावेत. पावसाळ्यानंतर हबमधलं ग्रीस बदलून घ्यावं.

मग वजन. टायरवर मापाच्या पुढं भार-क्रमांक असतो, 91 म्हणजे 615 किलो. दोन टायर मिळून 1230, आणि यात ट्रेलरचं स्वतःचं वजन आलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलो. जनरेटर, बॅटरी, तंबू, कुणाची तरी बर्फपेटी. भाच्याला मी काट्यावर पाठवला. चाकण-भोसरीत वजनकाट्यांना तोटा नाही. वजन दोन्ही चाकांवर सारखं वाटलं जाईल असं सामान लावायचं आणि ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला थोडं जास्त. मागं जास्त झालं की ट्रेलर शेपूट हलवतो. ट्रेलरच्या चाकांना व्हॉल्व्हवर बसणारे हवेचे सेन्सर आता सहज मिळतात, त्यांचा छोटा पडदा डॅशबोर्डवर ठेवता येतो. मागचं चाक आरशात दिसत नाही आणि सीटला जाणवतही नाही, तेव्हा हा खर्च करावाच.

एवढं करूनही टायर गेलाच तर ब्रेकवर उभं राहू नका. स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सावकाश सोडा, गाडी आपणहून मंदावू द्या आणि मग कडेला घ्या. ब्रेक दाबलात तर ट्रेलर पुढच्या गाडीला आडवा ढकलतो. थांबल्यावर त्रिकोण पुरेसा मागं ठेवा आणि माणसांना कठड्यापलीकडं न्या. चाक रहदारीच्या बाजूचं असेल तर ते स्वतः बदलायला बसू नका.

आणि माझ्यासारख्या मालकांना एक विनंती. गाडी निघाल्यापासून दर अर्ध्या तासानं ‘कुठं पोचलास’ विचारायचं थांबवा. ज्याला बंदराचं गेट गाठायची घाई लावलीये, तो खालापूरला उतरून बारा टायरांवरून हात फिरवणार नाही. प्रत्येक गाडीत एक चांगला गेज ठेवा, आणि तो लावायला लागणारी पंधरा मिनिटं ट्रिपच्या वेळेत धरा.