बी पेरण्याआधी पाकीट उलटून पाहा

मृगाच्या सुमारास मिरची, टोमॅटो पेरायचे हा आमच्या घरचा शिरस्ता. एका वर्षी मात्र मिरचीचं एकही रोप वर आलं नाही. शेजारच्या ट्रेमध्ये त्याच मातीत, त्याच पाण्यावर टोमॅटोची रोपं बोटभर झाली होती. मिरची उगवायला आठ-पंधरा दिवस घेते, म्हणून थांबले. शेवटी पाकीट उलटून पाहिलं, तर मागच्या छापील मजकुरावर दुकानदाराने किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. नखाने खरवडल्यावर खाली तारीख दिसली. मुदत केव्हाच संपली होती. जाब विचारला, तर उत्तर मिळालं, "ताई, बियाणं काय आंबतं का?"

आंबत नाही, पण मरतं. बी म्हणजे निजलेला जीव. त्याचा श्वास मंद चालू असतो, आणि ऊब व दमट हवा लागली की त्याची शक्ती झपाट्याने घटते. कोकणातल्या पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट पुढच्या हंगामाला भरवशाचं नसतं. कांद्याचं बी तर वर्षभरातच मान टाकतं.

म्हणून विकत घेतानाच चाचणीची तारीख बघा. लेबलची वैधता साधारण त्यापासून 9 महिने असते. मग उगवणशक्तीचा आकडा वाचा. प्रमाणित बियाण्याला टोमॅटो-वांग्यासाठी किमान 70 टक्के आणि मिरचीसाठी 60 टक्के उगवण लागते. म्हणजे मिरचीच्या दहातल्या चार बिया रुसल्या तरी ते बियाणं नियमात बसतं. हव्या तेवढ्या रोपांपेक्षा थोडं जास्तच पेरा.

आणि पेरण्याआधी चाचणी घ्याच. विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी घरचं सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजून एकरी बियाणं ठरवतात. गॅलरीतल्या बागेला दहा बिया पुरतात. सुती फडकं भिजवून घट्ट पिळा. थेंब गळता कामा नये, नाहीतर बी कुजतं. बिया सुट्या-सुट्या मांडा, घडी घालून डब्यात ठेवा, झाकण सैल राहू द्या. रोज उघडून पाहा. मेथी दोन-तीन दिवसांत कोंब दाखवते, टोमॅटो आठवडाभरात. पांढरं मूळ तांदळाच्या कणीएवढं झालं की ते बी अलगद उचलून मातीत लावा; मुळाला मात्र बोट लावू नका. पाचांहून कमी बिया उगवल्या, तर त्या पाकिटावर हंगाम घालवू नका.

गुलाबी, निळ्या रंगाच्या बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्यांच्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, हात साबणाने धुवा, मुलांना लांब ठेवा.

उरलेलं बी कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि बाटलीवर वर्ष लिहा. बियाण्याचं पाकीट आणि बिल हंगाम संपेपर्यंत टाकू नका. बियाणं उगवलं नाही, तर तालुका कृषी कार्यालयात तक्रार करता येते; तिथे पहिल्यांदा हेच दोन कागद मागतात.