चाई : तिची ओळख व तीविषयीं आपलें कर्तव्य

एका खेड्यांत आम्ही गेलों असतां, शाळेंतली एक बारा वर्षांची मुलगी कित्येक दिवस घराबाहेर पडत नाहीं, असें आमच्या कानीं आलें. तिच्या आईनें आम्हांस आंत बोलाविलें व मुलीच्या डोक्यावरची ओढणी दूर केली. कानामागें रुपयाएवढी गोल, गुळगुळीत जागा केसांवांचून उघडी पडली होती. माथ्यावर तशीच दुसरी. शेजारणींपैकीं एकीनें सांगितलें कीं केसांस कीड लागली. दुसरी म्हणाली, कोणी करणी केली. तिसरीनें तर महारोगाची शंका काढिली, आणि त्या दिवसापासून मैत्रिणींनीं तिच्याजवळ बसणें सोडिलें. कोणाच्या सल्ल्यावरून बिब्बा लाविला होता, त्यानें कातडीवर फोड मात्र आले. मुलीनें आम्हांस एकच प्रश्न विचारिला : "मीं काय केलें म्हणून मला असें झालें?" त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या वाचकांस, विशेषतः गांवोगांवच्या शिक्षकांस, देतां यावें म्हणून हा पाठ लिहिला आहे.

१. हा रोग कोणता?

आपल्या लोकांत ह्यास चाई म्हणतात. जुन्या वैद्यकग्रंथांत इंद्रलुप्त हें नांव आढळतें, व डॉक्टर लोक ह्यास आलोपेशिया एरिआटा म्हणतात. रोग नवा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें त्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. तो दुर्मिळही नव्हे. शंभर माणसांपैकीं सुमारें दोघांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां तो होतो. त्याचा आरंभ बहुधा लहानपणीं किंवा तरुणपणीं होतो, व तो स्त्री-पुरुष, श्रीमंत-गरीब असा भेद पाहत नाहीं.

२. शरीरांत काय घडतें?

आपल्या रक्तांत जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत. गांवचा जागल्या जसा रात्रीं फिरून परका कोण व गांवकरी कोण हें ओळखितो, तसें त्यांचें काम असतें. केसाचें मूळ कातडीच्या आंत एका बारीक पिशवींत असतें. निरोगी स्थितींत ह्या पिशवीचा खालचा भाग त्या जागल्यांच्या नजरेपासून जणूं झांकलेला असतो. चाईमध्यें तें आवरण नाहींसें होतें. जागल्ये घरच्याच माणसास चोर समजतात व त्यावर तुटून पडतात. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिलें असतां केसाच्या मुळाभोंवतीं ह्या पेशींची गर्दी मधमाश्यांच्या थव्यासारखी दिसते. त्यामुळें केसाची वाढ थांबते व तो गळून पडतो.

परंतु येथेंच एक आशेची गोष्ट आहे. ज्या मूळपेशींपासून नवा केस तयार होतो, त्या पिशवीच्या वरच्या भागांत असतात, आणि त्या बहुधा वांचतात. शेतांतलें पीक गेलें तरी कणगींतलें बियाणें शाबूत राहावें, तसें हें आहे. म्हणून कित्येक वर्षांनींही केस पुन्हां येऊं शकतात.

जागल्ये असे कां चुकतात? कांहीं अंशीं ही प्रवृत्ति घराण्यांतून येते. कित्येक रोग्यांच्या नात्यांत दुसऱ्या कोणास चाई झालेली असते. कांहींस ह्याबरोबर कोड किंवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा विकारही असतो. मात्र हा रोग स्पर्शानें, एका फणीनें, टोपीनें किंवा उशीनें दुसऱ्यास लागत नाहीं. तो कीड खाल्ल्यानें होत नाहीं, व तो कोणाच्या करणीचें किंवा अपराधाचें फळ नव्हे.

३. ओळखावी कशी?

चाईची जागा गोल व गुळगुळीत असते. तिजवर खपली, पू किंवा व्रण नसतो. कडेला कांहीं आंखूड केस दिसतात, ते टोंकाशीं जाड व मुळाशीं बारीक असतात. नखांवर सुईनें टोंचल्यासारखे खळगे पडतात, तेही तिचें एक लक्षण आहे. दाढी, भुंवया व पापण्या ह्यांसही ती होऊं शकते. क्वचित् सर्व डोक्याचे, आणि त्याहून क्वचित् सर्व अंगाचे केस जातात.

पुढील तीन रोगांशीं तिची गफलत होऊं देऊं नये :

(अ) डोक्यांतील गजकर्ण. हा बहुधा मुलांस होतो. ह्यांत कोंड्यासारख्या खपल्या, खाज व तुटलेले केस असतात. हा मात्र एकापासून दुसऱ्यास लागतो, व नुसत्या मलमानें जात नाहीं. पोटांत औषध घ्यावें लागतें.

(आ) कुष्ठरोग. ह्याच्या चट्ट्यावर पुष्कळदां स्पर्श समजत नाहीं. चाईच्या जागेवर तो समजतो. शंका असल्यास सरकारी दवाखान्यांत दाखवावें. कुष्ठरोगही आज औषधानें पूर्ण बरा होतो.

(इ) मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनीं सर्व डोक्याचे केस विरळ होतात. ते बहुधा आपोआप परत येतात.

४. उपाय कोणते?

ज्यांस एकदोनच चट्टे आहेत, अशांपैकीं सुमारें निम्म्यांस वर्षाच्या आंत औषधावांचूनही केस येतात. प्रथम पांढरी मऊ लव येते, मग ती काळी होते. ह्याच कारणानें पुष्कळ भोंदूंचीं तेलें प्रसिद्धीस चढलीं आहेत. केस निसर्गानें येतात व नांव तेलाचें होतें. बिब्बा, कच्चा लसूण अथवा असलीं जळजळीत द्रव्यें लावूं नयेत. त्यांनीं कातडी भाजते, आणि भाजलेल्या जागीं व्रण राहिला तर येणारे केसही येत नाहींत.

डॉक्टर चट्ट्यामध्यें स्टेरॉइड औषधाचीं बारीक इंजेक्शनें चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानें देतात. लहान मुलांस बहुधा लावण्याचें मलम देतात. रोग फार पसरला असेल तर अलीकडे पोटांत घेण्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. त्यांपैकीं बॅरिसिटिनिब ह्या औषधास २०२२ सालीं अमेरिकेंत ह्या रोगासाठीं प्रथम मंजुरी मिळाली. ह्या गोळ्या जागल्यांचा हात आवरितात. म्हणून त्या घेण्यापूर्वीं क्षयाची तपासणी करावी लागते, व डॉक्टरांच्या देखरेखीवांचून त्या कधींही घेऊं नयेत. गोळ्या बंद केल्यावर पुष्कळांचे केस पुन्हां गळतात.

हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं चाई गेली तरी पुन्हां येऊं शकते, आणि कांहींचे केस मुळींच परत येत नाहींत. कोणासही खोटें वचन देऊं नये.

५. आपण कसें वागावें?

चाईनें अंग दुखत नाहीं, काम अडत नाहीं. दुखतें तें मन. म्हणून शिक्षकानें वर्गांत एकदां स्वच्छ सांगावें कीं हा रोग लागत नाहीं, व स्वतः त्या मुलाशेजारीं बसावें. थट्टा चालूं देऊं नये. ओढणी, टोपी किंवा केसांचा टोप घालणें अथवा न घालणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावें. उन्हांत मात्र डोकें झांकावें. पापण्या गेल्या असल्यास धुळीपासून डोळे जपावे. लग्नाच्या बोलण्यांत गोष्ट लपवूं नये, व ऐकणाऱ्यांनींही तिला कलंक मानूं नये. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सभासद अयाना प्रेसली बाई ह्यांचे सर्व केस ह्याच रोगानें गेले. २०२० च्या जानेवारींत त्यांनीं टोप काढून ही गोष्ट लोकांपुढें मांडिली, आणि आपलें काम पुढें चालविलें.

त्या मुलीस आम्ही उत्तर दिलें : "बाळ, तूं कांहीं केलें नाहींस." पुढें डॉक्टरांनीं मलम दिलें. सहा महिन्यांनीं कानामागें पांढरी लव आली होती. माथ्यावरची जागा अजून उघडीच होती. परंतु ती शाळेंत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंस मैत्रिणी बसल्या होत्या.

विचारण्याचे प्रश्न

१. चाईमध्यें केस परत येण्याची आशा कां असते?
२. चाई व डोक्यांतील गजकर्ण ह्यांत भेद कोणता?
३. चट्ट्यावर बिब्बा कां लावूं नये?
४. आपल्या गांवांत असा कोणी घरांत बसून आहे काय? त्याच्या घरीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?