छत्री घेण्याआधी खोली बघ

अगं, फोटोसाठी छत्री कुठली घेऊ असं तू फोनवर विचारलंस आणि मी उलट तुलाच विचारलं, खोली केवढी आहे, भिंतींचा रंग कोणता. तुला वाटलं मामा विषय टाळतोय. पोरी, छत्री एकटी कधीच काम करत नाही. तिच्यासोबत भिंती आणि छतही फोटोत उतरतात. कराडला स्टुडिओ चालवण्यात माझा जन्म गेला, त्यातली पहिली काही वर्षं हेच न कळल्यामुळे वाया गेली.

तुझी खोली दहा बाय बारा, भिंतींना पोपटी ऑइलपेंट. तिथे आरपार पांढरी छत्री लावलीस, म्हणजे जिच्या कापडातून प्रकाश गाळून पुढे येतो ती, तर बराचसा प्रकाश कापडावरून मागे फिरेल, भिंतींवर आपटेल आणि पोपटी होऊन बाळाच्या गालावरच्या सावलीत जाऊन बसेल. तो रंग नंतर कॉम्प्युटरवर काढणं फार जिकिरीचं. तो फक्त सावलीत असतो, म्हणून सगळ्या फोटोचा रंग फिरवला की उजेडाकडचा गाल बिघडतो. आधी भिंती पांढऱ्या करून घे. घरमालक ऐकत नसेल तर काळ्या पाठीची छत्री वापर.

म्हणून पहिली छत्री अशी घे: आतून पांढरी, वरचं काळं आवरण काढता-घालता येणारी, 43 इंची. आवरण चढवलंस की फ्लॅश छत्रीच्या पोटात मारायचा, प्रकाश उलटून माणसावर येतो, इकडे-तिकडे सांडत नाही. आवरण काढलंस की तीच छत्री आरपार. आरपारची गंमत अशी की ती चेहऱ्याच्या अगदी जवळ नेता येते. उलटवलेल्या छत्रीत मध्ये फ्लॅश आणि दांडा येतो, तिला तेवढं जवळ आणता येत नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक ध्यानात ठेव. 43 इंच हे माप बहुतेक वेळा काडीच्या बाकावरून घेतलेलं असतं. उघडून तोंडावर टेप लाव, चार-पाच इंच कमी भरतं. फसवणूक नाही ती, मोजायची रीतच तशी आहे, पण दोन कंपन्यांच्या छत्र्यांची तुलना करताना टेपच खरी.

आता मऊ प्रकाशाचं. मोठी छत्री म्हणजे मऊ प्रकाश, हे अर्धंच खरं. माणसाच्या जागेवरून छत्री किती मोठी दिसते, त्यावर सगळं आहे. छत्रीची रुंदी जेवढी, साधारण तेवढंच अंतर ठेवून सुरुवात कर. तीच छत्री बारा फुटांवर नेलीस की नाकाची सावली धारदार होते, मग छत्री असून नसल्यासारखी.

पण जवळ आणायचं ते एका-दोघांसाठी. घरातली दहा माणसं रांगेत उभी असतील आणि छत्री एका टोकाच्या आजोबांपासून 1 मीटरवर, तर त्यांच्यापेक्षा 1 मीटर पुढे उभ्या असलेल्या सुनेला चौथा हिस्साच प्रकाश मिळतो. अंतर दुप्पट, प्रकाश पाव. तीच छत्री मागे नेऊन आजोबांपासून 4 मीटरवर ठेव, सून 5 मीटरवर येते, आणि तिला आजोबांच्या जवळजवळ दोन तृतीयांश मिळतो. डोळ्याला चालून जातं. मात्र मागे गेल्यावर प्रकाश कमीही पडतो आणि कडकही होतो. म्हणून ग्रुपची कामं वाढली की दुसरी छत्री 60 इंची घे. आत्ता नको. तुझ्या खोलीत ती पुरती उघडून फिरवायला अडचण होईल.

चंदेरी छत्रीचा मोह होईल. ती प्रकाश जास्त फेकते, दागिने आणि पैठणीची जर झळकून उठते. पण मांडवातल्या उकाड्यात घामेजलेल्या नवरीच्या कपाळावर हीच चंदेरी तेलाचा डाग उठवते. दागिन्यांचं काम मिळालं तर घे. सोनेरी तर हळदीला अजिबात नेऊ नकोस. पिवळ्यावर पिवळं चढलं की चेहरा कावीळ झाल्यासारखा येतो.

दुकानात गेलीस की छत्री उघडून दिव्यासमोर धर. कापड सगळीकडे सारखं उजळलं पाहिजे, कुठे पातळ, कुठे जाड नको. सोबत कोरा पांढरा कागद ने आणि कापडाशेजारी धर. पिवळट वाटलं तर परत ठेव. काड्या फायबरच्या असतील तर बऱ्या, वाकून परत सरळ होतात. दांडा तुझ्या स्टँडच्या भोकात बसतो का बघ, बहुतेक 8 मिलिमीटरचे असतात, पण सगळेच नाही.

घरी आणलीस की पहिला फोटो छत्रीचाच काढ. फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेव आणि छत्री काठापर्यंत भरते का पाहा. मध्येच गोळा दिसला तर दांडा सरकव, फ्लॅश छत्रीपासून लांब ने, त्याचा झूम 24 वर आण. अर्धीच छत्री उजळत असेल तर मोठी घेतल्याचा उपयोग काय? हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कितीतरी लग्नं मी अर्ध्या छत्रीवर काढली, ते अजून सलतं.

चष्म्याची आजी समोर आली की काचेत पांढरी छत्री काड्यांसकट दिसते. छत्री वर आणि बाजूला ने, आजींना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांग. तरी दिसलीच तर चष्म्याच्या दांड्या कानावर केसभर उचल.

आणि वारा. वैशाखात एका लॉनवरच्या लग्नात छत्रीत वारा भरला, स्टँड अख्खं आडवं झालं. खुर्चीवरचं लेकरू वीतभर अंतराने वाचलं. दिव्याचे तुकडे मी वेचले, पण हात कितीतरी वेळ थरथरत होते. उघड्यावर स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधल्याशिवाय छत्री उघडायची नाही, आणि तरीही एक माणूस हात लावून उभा पाहिजे. माणूस मिळाला नाही तर छत्री मिटून ठेव आणि पार्टीला सांग, ओसरीत चला.

पावसात भिजली तर उघडी ठेवून वाळव. ओली मिटलीस की चार दिवसांत कापडावर बुरशीचे ठिपके पडतात, ते धुऊन जात नाहीत. रविवारी येताना खोलीच्या छताची उंची मोजून आण, मग स्टँडचं बघू.