काळ्या दगडातला वायू : शेल गॅस कसा तयार झाला?

कापड घेताना आपण सूत कुठले, वीण कशी, खळ किती हे आधी पाहतो. इंधनाच्या बाबतीत मात्र फक्त भाव विचारतो. गेल कंपनीच्या अमेरिकेशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारातील द्रवरूप वायूचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला लागले. अमेरिकेत निघणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा शेल नावाच्या खडकातून येतो. तेव्हा ज्या मालाच्या भावावर आपल्या बॉयलरचा आणि भट्टीचा हिशेब ठरतो, तो माल मुळात कसा तयार झाला हे समजून घेतलेले बरे.

उदाहरण मार्सेलस शेलचे घेऊ. हा थर न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांखाली पसरला आहे. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ अंतर्गत समुद्र होता. पूर्वेला डोंगर वर येत होते आणि त्यांची झीज होऊन बारीक गाळ समुद्रात येत होता. पाण्यातील सूक्ष्म जीव व शेवाळ मरून तळाशी बसत. एरवी असे अवशेष कुजून संपतात. पण या समुद्राच्या तळाशी प्राणवायू फार कमी होता. म्हणून ते पुरते कुजले नाहीत, गाळात मिसळून राहिले. खडकाला काळा रंग आला तो यामुळेच.

पुढे त्यावर नव्या गाळाचे थरावर थर चढले. दाबाने पाणी निघून गेले, चिखलाचा दगड झाला. जसजसा तो खोल गेला तसतशी उष्णता वाढली. साधारण ६० अंश सेल्सिअसपासून अशा अवशेषांचे तेल होऊ लागते आणि १२० ते १५० अंशांच्या पुढे मुख्यतः वायू बनतो. आच कमी पडली तर माल कच्चा राहतो, फार वाढली तर हाती काही उरत नाही. रंगाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

वायू तयार झाला, पण बाहेर का आला नाही? कारण शेलची वीण अतिशय घट्ट. छिद्रे असतात, पण ती इतकी बारीक आणि एकमेकांना इतकी कमी जोडलेली, की बराच वायू जागच्या जागी अडकतो. त्यासाठी विहीर आधी खाली आणि मग थरातून आडवी नेतात. पाणी, वाळू आणि थोडी रसायने मोठ्या दाबाने सोडून दगडाला भेगा पाडतात. वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. मार्सेलसमध्ये या पद्धतीची सुरुवात पेनसिल्व्हेनियात झाली. शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने मात्र पाणी व आरोग्याच्या काळजीपोटी मोठ्या प्रमाणावर अशा भेगा पाडण्यास बंदी घातली आहे.

व्यापाऱ्याने यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, प्रत्येक काळ्या दगडात वायू नसतो. आपला दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्यापासून झालेला आहे, समुद्राच्या गाळापासून नव्हे. जमिनीच्या सौद्यात कोणी नुसता रंग दाखवून वायूची लालूच दाखवली, तर दूर राहावे. दुसरी, शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्या एक-दोन वर्षांतच निम्म्याहून खाली येते. पुरवठा टिकवायचा तर नव्या विहिरी खोदतच राहावे लागते, आणि तो खर्च भावात धरलेला असतो. भट्टी गॅसवर नेण्याचा विचार करणाऱ्याने आजचा दर पाहावाच, पण करार किती वर्षांचा आणि दर कशाशी बांधलेला, हेही विचारून घ्यावे.