जंक्शनवर गाडी विभागते कशी?
(इयत्ता चौथी, भूगोल व परिसर)

हेतू : रुळांच्या रुंदीचा लोकांच्या प्रवासाशी असलेला संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणणे.

साहित्य : महाराष्ट्राचा नकाशा, चुना, फूटपट्टी, अडीच फुटी काठी.

प्रस्तावना : महाळुंगे गावास रेल्वे स्थानक नाही, परंतु पंढरीची वाट येथील मुलांस परिचित आहे. पुण्याहून रेल्वेने पंढरपुरास कसे जावे, या प्रश्नाने पाठास आरंभ करावा व नकाशावर कुर्डुवाडी दाखवावी.

विषयप्रतिपादन : एकाच रुंदीच्या मार्गास फाटा फुटत असेल, तर गाडी विभागणे सोपे असते. डब्यांमधील साखळी व ब्रेकची नळी सोडवितात. मागील डब्यांस दुसरे इंजिन जोडतात. प्रत्येक भागासोबत गार्ड देतात. सांधा बदलला की दोन्ही भाग आपापल्या वाटेने जातात व प्रवासी जागेवरच बसून राहतात.

कुर्डुवाडीस मात्र हे शक्य नव्हते. मुंबई–सोलापूर मार्गाचे रूळ साडेपाच फूट (१६७६ मि.मी.) अंतराचे, तर बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फूट (७६२ मि.मी.) अंतराचे होते. त्यामुळे तेथे डबे नव्हे, माणसेच विभागली जात. वारकरी बोचके सावरीत पंढरपूरच्या छोट्या गाडीकडे, तर व्यापारी बार्शी-लातूरच्या गाडीकडे वळत. मालाची पोतीही एका वाघिणीतून दुसरीत चढवावी लागत.

मग अरुंद रूळ घातलेच का? ते स्वस्त पडत. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी हलक्या गाड्यांची योजना आखली. त्यामुळे १८९७ मध्ये बार्शीस, १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस ही रेल्वे पोहोचली. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली. पुढे हे मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाले. लातूरकडील काम २००८ मध्ये पूर्ण झाले.

कृती : अंगणात चुन्याने दोन्ही रुंदींचे रूळ आखावेत. काठी ही चाकांची जोडी समजून ती दोन्हींवर ठेवून पाहावी. रुंद रुळांवर ती तीन फूट उणी पडते, हे मुलांनी स्वतः मोजावे; शिक्षकांनी आधी सांगू नये.

प्रश्न :
१. कुर्डुवाडीस प्रवाशांना गाडी का बदलावी लागे?
२. पोती दोनदा चढविल्याने खर्च व वेळ यांवर कोणता परिणाम होईल?
३. स्वस्त पण अरुंद रेल्वे लवकर यावी, की रुंद रेल्वेसाठी थांबावे? दोन्ही बाजू मांडा.

तिसऱ्या प्रश्नास एकच उत्तर नाही. मुलांनी दिलेल्या कारणांवरून पाठ कितपत उमगला, हे शिक्षकांनी जोखावे.