विक्रीवहीवरून तलावातील मासळीचा अंदाज

शेतातील उभे पीक डोळ्यांनी पाहता येते. तलावातील मासळी तशी दिसत नाही. तथापि मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांपाशी वजनाच्या पावत्या व विक्रीवह्या असतात. या नोंदी नीट ठेवल्यास पाण्यात किती मासळी उरली आहे, याचा उपयुक्त अंदाज करता येतो.

रुपये नव्हे, किलो पाहावे

भाव चढला म्हणजे मासळी घटूनही विक्रीची रक्कम वाढते. म्हणून प्रथम वजन पाहावे. परंतु केवळ वजनही पुरेसे नाही. दहा जाळ्यांत सापडलेली १०० किलो मासळी आणि वीस जाळ्यांत सापडलेली १०० किलो मासळी यांचा अर्थ एक नव्हे. एक जाळे एक रात्र पाण्यात राहिले म्हणजे एक ‘जाळे-रात्र’ धरावी व दर जाळे-रात्रीस किती किलो मासळी मिळाली ते काढावे.

हिशेबाची रीत

समजा, पहिल्या आठवड्यात ३० जाळे-रात्रींत ६०० किलो मासळी मिळाली; म्हणजे दर २० किलो पडला. दुसऱ्या आठवड्यात तितक्याच जाळे-रात्रींत ४२० किलो मिळाली. दर १४ किलोंवर आला. दर २० वरून ६ ने, म्हणजे दहांपैकी तीन हिश्श्यांनी उतरला. तेव्हा काढलेली ६०० किलो मासळी ही मूळ साठ्याचे दहांपैकी तीन हिस्से होय. यावरून मूळ साठा सुमारे २,००० किलो ठरतो. दोन आठवड्यांत १,०२० किलो निघाली. शिल्लक सुमारे ९८० किलो. १९३९ साली लेस्ली व डेव्हिस यांनी उंदरांची संख्या काढण्यासाठी अशीच रीत वापरली होती; पुढे ती मासळीसही लागू करण्यात आली.

घ्यावयाची दक्षता

जाळ्यांच्या आसाचा आकार व लांबी बदलू नये. मधल्या काळात बोटुकली सोडलेली नसावी व सांडव्यावरून मासळी वाहून गेलेली नसावी. घरी नेलेली व वाट्यात दिलेली मासळीही वहीत यावी. ती वगळल्यास साठा कमी भासतो. जाळ्यांत न सापडणारी लहान मासळी या अंदाजात येत नाही.

मासळी थव्याने एका जागी जमली व जाळी तेथेच टाकली, तर साठा घटूनही दर टिकून राहतो. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉड मासळीबाबत असेच घडले. व्यापारी जहाजांच्या पकडीवर विसंबून साठा मोठा मानला गेला. अखेर १९९२ साली मासेमारी बंद करावी लागली व हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. म्हणून काही जाळी नेहमी ठराविक ठिकाणीच लावावीत.

वहीत तारीख, जाळ्यांची संख्या, जागा, मासळीची जात, नग, वजन व भाव असे रकाने आखावेत. दर घसरत असताना कर्ज काढून नवी जाळी घेतल्याने पाण्यातील मासळी वाढत नाही. कटला, रोहू व मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. काढलेल्या मासळीची भरपाई बोटुकली सोडूनच करावी लागते. ती केव्हा व किती सोडावी, हे ठरविताना संस्थेच्या सभासदांसमोर ही वही असावी.