मेंटॉर व्हायचंय तर

चि. छकुली,

अमेरिकेत नव्याने आलेल्या मुलांची मेंटॉर व्हायचं तू ठरवलंस, हे ऐकून फार बरं वाटलं.

न्यूयॉर्कमधल्या तुझ्या क्वीन्समध्येच १९८५ साली, लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजमध्ये, अशा मुलांसाठी पहिलं इंटरनॅशनल हायस्कूल सुरू झालं. एरिक नॅडेलस्टर्न तिथले पहिले मुख्याध्यापक. वेगवेगळ्या भाषांची मुलं एका टेबलाभोवती बसतात, आपापल्या भाषेत अर्थ लावतात आणि उत्तर इंग्रजीत मांडतात. विज्ञानाचे शिक्षकही भाषा शिकवतात. बहुतेक विषयांत राज्याच्या लेखी परीक्षेऐवजी मुलांना आपलं काम परीक्षकांपुढे मांडून प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला नुसती मान डोलावणारा मुलगा पुढे ‘मला हे पटत नाही, कारण...’ असं म्हणायला लागतो. इंग्रजी मोडकंतोडकं असेना, ते ‘कारण’ कान देऊन ऐकायचं!

मात्र अर्ध्यात सोडणार असशील, तर सुरूच करू नकोस. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या मेंटॉरिंग उपक्रमातल्या मेंटॉर आणि मुलांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मविश्वास उलट खचला. ज्या मुलाचं घर, मित्र, आजी-आजोबा आधीच मागे राहिलेत, त्याच्या आयुष्यातून आणखी एक माणूस निघून जायला नको.

ही मुलं भेट चुकवतील. बऱ्याचदा आईला दवाखान्यात न्यायचं असतं, कारण घरात इंग्रजी येणारं तेवढं एकच माणूस असतं. रागावू नकोस, पुढची वेळ ठरव.

इमिग्रेशनच्या कागदपत्रांची चौकशी तर अजिबात करू नकोस. टेक्सासमधल्या टायलरच्या शाळांनी कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागितले होते. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी या मुलांचा शाळेचा हक्क राखला. कॉलेजच्या पैशांचं कोडं पुढे उरतंच. न्यूयॉर्कमध्ये २०१९ च्या कायद्याने अशा विद्यार्थ्यांना राज्याची मदत खुली झाली, पण घाबरून कित्येक जण अर्जच करत नसतील. मार्ग आहे एवढं सगळ्यांनाच सांग आणि शाळेच्या समुपदेशकांकडे पाठव. आपल्या मराठी घरांतलीही एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर वाढलेली मुलं एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतात, तेव्हा ही धास्ती तुला नवी नाही.

कॉलेजच्या निबंधासाठी दुःखाची कहाणीच लिहायला लावतात, ते मला मुळीच आवडत नाही. एखादीला धाकट्या भावाला गणित शिकवण्याबद्दल लिहायचं असेल, तर तेच लिहू दे. तिची वाक्यं फार घासूनपुसून देऊ नकोस.

पहिली भेट झाली की सविस्तर कळव.

तुझी,
मावशी